अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

शाईच्या पेनात बोटं जिथे पेन पेलतात, त्याच्या अगदी मागेच सगळ्यात कमी माल उरतो. मधून शाईची वाट, तिच्याभोवती सेक्शनचे, म्हणजे बोटांनी धरायच्या पुढच्या भागाचे आटे, ते ज्यात बसतात ती बॅरल, म्हणजे पेनाची मागची नळी, आणि बॅरलवर परत टोपणाचे आटे. या सगळ्याला मिळून जागा असते अंगठ्याच्या नखाच्या रुंदीएवढी. हाताने घडवलेली पेनं मोडतात ती बहुतेक तिथेच. आणि हात दुखायला लागतो तो त्याच्या दोन बोटं पुढे. पेन मजबूत करायचं आणि ते हाताला सुखाचंही करायचं, तर या दोन बोटांच्या जागेत भांडण सोडवावं लागतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं लहानसं वर्कशॉप आहे. दिवसभर बुश, पिना, पंपाचे शाफ्ट. संध्याकाळी कामगार गेले, मशीन पुसून झालं की त्याच साडेचार फुटी लेथवर मी पेनं करतो. आजवर केली ती बरीचशी लोकांच्या पसंतीची होती, म्हणजे रंग, आकार, क्लिप त्यांनी सांगायची आणि मी करायचं. हे पेन मात्र एका हातासाठी केलं. माझी भाची पुण्यात यूपीएससीच्या मुख्य परीक्षेची तयारी करते. तिच्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली होती आणि मधल्या बोटावर घट्टा पडला होता.

या परीक्षेत किती लिहावं लागतं याचा अंदाज बाहेरच्यांना नसतो. सामान्य अध्ययनाच्या पेपरात वीस प्रश्न. त्यातले दहा दीडशे शब्दांचे आणि दहा अडीचशे शब्दांचे. म्हणजे तीन तासांत चार हजार शब्द. दिवसाला असे दोन पेपर. आठ हजार शब्द हाताने, आणि तेही वाचता येतील असे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला सांगितलं होतं की जाड पेन धर आणि दाबू नकोस. पहिली गोष्ट दुकानात मिळते, दुसरी मिळत नाही. बॉलपेनातली गोळी फिरवायला दाब द्यावाच लागतो, आणि वर्षानुवर्षं तो देऊन हाताला तशीच सवय लागते. शाईच्या पेनात निबच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने आपसूक कागदावर उतरते. निब कागदाला नुसतं टेकलं तरी पुरतं. म्हणून शाईचंच पेन करायचं, हे फोनवरच ठरलं.

"मामा, पण ते परीक्षेत गळलं तर?"

"गळणार नाही असं करतो. तू आधी इकडे ये. तुझा हात बघितल्याशिवाय मी काही कापत नाही."

माल कुठला वापरायचा यावर मला फार विचार करावा लागला नाही. इबोनाइट. रबरात गंधक घालून तापवलं की ते पक्कं होतं. टायरच्या रबरात गंधक अगदी थोडं असतं, इबोनाइटमध्ये ते साधारण ३० टक्क्यांच्या घरात जातं आणि रबराचं लाकडासारखं कडक, लेथवर कापता येणारं द्रव्य होतं. १८५१ साली नेल्सन गुडइयरने त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे फाउंटन पेनं आली तेव्हा कितीतरी वर्षं ती याच मालाची होत. ॲक्रिलिक चमकतं छान, रंगही हवे तेवढे मिळतात; पण हाताला ते गार आणि गुळगुळीत लागतं, आणि पातळ भिंतीला ठोका बसला की चटकन तडकतं. इबोनाइट हलकं आहे, हातात धरल्यावर लगेच हाताच्या उबेचं होतं, आणि घामेजलेल्या बोटांखाली सटकत नाही. त्याची एकच मोठी खोड, ती म्हणजे ऊन. काळं इबोनाइट उन्हात ठेवलं की हळूहळू हिरवट-तपकिरी पडतं. दांड्या मी म्हणून बंद खणात ठेवतो.

आपल्याकडे या मालाची परंपराही मोठी आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेला जागून तीसच्या दशकात इबोनाइटची पेनं घडवली. त्यांनी गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्यामार्फत पाठवलेलं पेन गांधीजींनी वापरून पाहिलं आणि १९३५ साली वर्ध्याहून त्यांना आभाराचं पत्र धाडलं. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. लेथवर उभं राहून कोणीतरी बारीक बारीक मापं काढली, आणि त्या पेनाने लिहिणारा माणूस होता वर्ध्यात बसून रोज ढिगाने पत्रं लिहिणारा. अशा हाताला पेन पटलं, याहून मोठी पावती कारागिराला कुठली मिळणार?

भाची रविवारी आली. तिच्यासाठी मी डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकची नमुन्याची सेक्शनं कापून ठेवली होती. ९.५ मिमीपासून १३ मिमीपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने जाड होत जाणारी. सगळ्यांना एकच निब बसेल आणि सगळी एकाच बॅरलला लागतील अशी. लाकडाच्या किंवा पाइपच्या तुकड्यावर हात ठेवायला सांगून जाडी ठरवणारे लोक आहेत, पण मला ते पटत नाही. नुसतं धरताना हात वेगळा असतो आणि लिहिताना वेगळा. म्हणून प्रत्येक नमुन्याने तिला जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घड्याळ लावून सोडवायला सांगितला. उत्तर काय लिहिलं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मी तिचं नख बघत होतो. दाब वाढला की तर्जनीच्या नखाचं टोक पांढरं पडतं, ते लपत नाही.

९.५ वर नख पहिल्या ओळीपासून पांढरं. बारीक पेन हातात फिरू नये म्हणून बोटं ते चिमटीत आवळतात आणि अंगठ्याचा सांधा बाहेर वाकतो. जसजशी जाडी वाढली तसा सांधा सरळ होत गेला. १२.५ च्या पुढे मात्र दुसरीच अडचण आली. बोटं इतकी उघडली की त्यांची बारीक हालचाल थांबली, सगळं काम मनगटावर आलं, आणि अक्षर मोठं व्हायला लागलं. परीक्षेच्या ठरावीक जागेत मोठं अक्षर परवडत नाही. ११ आणि ११.५ या दोन नमुन्यांवर ती न थांबता लिहीत राहिली. मी ११.२ धरलं.

मग बोटं नेमकी कुठे टेकतात ते बघायचं होतं. सेक्शनवर कागदी चिकटपट्टी गुंडाळली, तिची तीन बोटं शिक्क्याच्या पॅडवर टेकवली आणि पानभर लिहायला लावलं. अंगठा आणि तर्जनी सेक्शनच्या पुढच्या कडेपासून ८ ते १४ मिमीच्या पट्ट्यात उमटली. तर्जनीचा मागचा ठसा १८ पर्यंत गेला होता. थकल्यावर बोटं खाली घसरतात, तसा एक पुसट ठसा अगदी कडेशीही होता. हे तीन आकडे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवले, कारण पुढचं सगळं डिझाइन त्यांच्यावरच उभं राहणार होतं.

या निरीक्षणात आणखी एक गोष्ट दिसली. मराठीच्या पेपरासाठी ती देवनागरी लिहिते तेव्हा शब्द संपल्यावर शिरोरेघ ओढायला हात जरा वर येतो, पकड क्षणभर सैल पडते, आणि पेन बोटांत किंचित फिरून परत बसतं. इंग्रजी लिहिताना हे होत नाही. बाजारात तिकोनी पकडीची पेनं मिळतात. शिकणाऱ्या मुलांना ती चांगलीच, पण असा फिरता हात त्यांत अडकतो. सेक्शन गोलच ठेवायचं, मध्ये अगदी थोडी कमर द्यायची, आणि पुढे एक कड उभी करायची म्हणजे थकलेली बोटं निबवर घसरणार नाहीत. पुढची कड ११.८, कमर ११.२, मागचं टोक ११.९. कमर आणि कडेत एका बाजूने बघितलं तर ०.३ मिमीचाच फरक आहे. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, बोटाला मात्र लगेच कळतो.

आता आतला हिशेब. पेन बाहेरून सुंदर दिसायला हवं म्हणून आधी बाहेरचा आकार काढणारे खूप आहेत. मी आतून सुरुवात करतो. निब ठरवलं जोवो कंपनीचं, ६ नंबरचं. त्याचं घर, म्हणजे निब ज्यात बसतं ती नळी, ७.४ मिमीच्या, ०.५ चालीच्या आट्यात बसतं; चाल म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. त्याच्या मागे शाईची वाट ६.५ मिमी. ती वाट सेक्शनच्या मागच्या खुंटीतून बॅरलमध्ये जाते, आणि त्या खुंटीवर बाहेरून आटे असतात. पेन मोडतं ते इथेच. खुंटीला एम-९ चे, म्हणजे बाहेरून ९ मिमी व्यासाचे आटे घेतले, चाल ०.७५, तर आट्याच्या तळाशी माल उरतो ८.०८ मिमी व्यासाचा, आणि त्यातून ६.५ चं भोक गेलेलं. भिंत पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. एम-१० घेतला तर तळाचा व्यास ९.०८ आणि भिंत १.२९. फरक फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पण नळीची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. सूत्रात आकडे घातले की एम-१० ची खुंटी एम-९ च्या जवळपास १.८ पट ताकदीची निघते. अर्ध्या मिलिमीटर भिंतीसाठी एवढी कमाई दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी होत नाही.

पण ते अर्धं मिलिमीटर फुकट मिळत नाही. खुंटी ज्या बॅरलमध्ये जाते, तिच्या तोंडावर बाहेरून टोपणाचे आटे असतात. ते एम-१२ चे, ०.८ चालीचे ठेवले तर त्यांच्या तळाचा व्यास ११.०२. आतून एम-१० चे आटे. मग दोन्हींच्या मधे भिंत उरते अर्धा मिलिमीटर. खुंटी वाचवली आणि बॅरलचं तोंड कागदाचं केलं, असं होतं. बाहेर एम-१३ घेतला की ती भिंत एक मिलिमीटरची होते. पण मग सेक्शनचं मागचं टोक ११.९ आणि त्यानंतर लगेच १३ चे आटे, म्हणजे बोटाच्या मागे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उंचीची पायरी. वरून त्या पायरीला आट्यांची धार. पेन जरा मागे धरणाऱ्याच्या तर्जनीला ती टोचते. मजबुती आणि सुख यांचं भांडण म्हणतो ते हेच. बहुतेक कारागीर इथे कुठलीतरी एक बाजू घेतात. बारीक, देखणं पेन करून खुंटी पातळ ठेवतात, नाहीतर दणकट पेन करून पायरी टोचत ठेवतात.

मला वाट सापडली ती वहीतल्या १८ या आकड्यात. तिची तर्जनी १८ मिमीच्या मागे जात नव्हती. सेक्शन २२ मिमी लांब केलं की पायरी बोटाच्या मागे चार मिलिमीटर राहते आणि टोचण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या कोणाचा हात असता, मागून धरणारा, तर हाच नकाशा चालला नसता. पेनाच्या मापात लिहिणाऱ्याचा हात धरायला हवा असं मी म्हणतो ते यासाठीच.

दुरुस्तीला येणारी मोडकी पेनं मी नेहमी भिंगाखाली बघतो. खुंटी तुटते ती जवळजवळ दर वेळी पहिल्या आट्याच्या मुळाशी, जिथे आटे खांद्याला मिळतात. आटे सुटायला जागा हवी म्हणून तिथे टोकदार हत्याराने खाच मारलेली असते. त्या खाचेच्या कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो. शाफ्ट करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. खांद्याच्या कोपऱ्याला गोलाई दिली नाही तर शाफ्ट तिथेच तुटतो, हे आमच्या पेठेतला नवा पोरगासुद्धा महिन्याभरात शिकतो. पेनातही तेच. मी हत्याराचं टोक अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येत गोल घासून घेतो आणि त्यानेच ती खाच मारतो. दुसरी मोडण्याची जागा टोपणाची ओठाची कड. आटे थेट कडेपर्यंत पाडले तर पेन पडल्यावर चीर कडेतून सुरू होते आणि आट्यांच्या रेषेने वर जाते. म्हणून कडेचा पहिला सव्वा मिलिमीटर मी आट्यांशिवाय मोकळा ठेवतो, आतली-बाहेरची धार मोडतो, आणि टोपणाचा बाहेरचा व्यास १५.८ धरतो, म्हणजे ओठाला १.४ मिमीची भिंत मिळते. पितळी कडं बसवून ओठ पातळ करता आला असता. भाचीला ते दिसायला आवडलंही असतं. पण अम्लीय शाईत पितळ काळं पडतं, आणि वजनही वाढतं.

कापायला घेतलं ते एका पावसाळी संध्याकाळी. इबोनाइटला धार लागते, ताकद लागत नाही. हायस्पीड स्टीलचं हत्यार ऑइलस्टोनवर इतकं घासायचं की नखावर टेकवलं तर पकडलं पाहिजे. मग दांडीवरून कीस शेवेसारखा अखंड सुटत येतो, आणि वर्कशॉपभर गंधकाचा वास पसरतो. वास नाकाला फार लागला तर समजायचं की हत्यार कापत नाही, घासतंय. माल तापला की दोन नुकसानं होतात. इबोनाइट मऊ पडतं, आणि फुगतं. गरम असताना मोजलेलं भोक गार झाल्यावर बारीक निघतं आणि निबचं घर त्यात जात नाही. म्हणून भोक थोडं थोडं पाडायचं, ड्रिल सारखं बाहेर काढायचं, आणि शेवटचं माप चहा पिऊन आल्यावरच घ्यायचं. दांडी जबड्यांच्या चकात धरली की तिच्या अंगावर खुणा उमटतात, त्यामुळे कॉलेट, म्हणजे दांडीला चहूबाजूंनी सारखी आवळणारी बाही. धूळ कधीच कोरडी उडवू नये. शेवटची घासाई पाण्यात, आणि कोरडं कापताना नाकाला मास्क.

टोपणाचे आटे थ्री-स्टार्ट केले. चाल ०.८, पण तीन धागे एकत्र पळतात, त्यामुळे एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी पुढे जातं. परीक्षेच्या घाईत सव्वा फेऱ्यात टोपण निघायला हवं. साधे आटे असते तर चार फेरे. टोपणाच्या आतले आटे टॅपने पाडले. बॅरलवरचे मी लेथवरच कापतो. हत्यार फेऱ्याला २.४ मिमी सरकावं म्हणून चेंज गिअर लावायचे, खोली मात्र ०.८ च्या आट्याची, साधारण अर्धा मिलिमीटर. पहिला धागा पूर्ण झाला की वरची स्लाइड बरोबर ०.८ सरकवायची, दुसरा, परत ०.८, तिसरा. एका फेऱ्यात हत्यार एवढं पुढे पळतं की मशीन चालू ठेवलं तर हत्यार खांद्यावर आदळेल. म्हणून मोटर बंद करून चक हाताने फिरवतो. वेळ लागतो. पण हाताने फिरवताना माल हत्याराखाली कसा जातो ते कळतं, आणि आटा फाटायच्या आधी थांबता येतं. शेवटी तिन्ही धाग्यांचे माथे बाराशेच्या पाणकागदाने किंचित मोडले. धार गेली, पकड राहिली.

बॅरलची टाकी ९ मिमी व्यासाची, ५५ मिमी खोल. म्हणजे साडेतीन मिलिलिटर शाई, कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसवायच्या छोट्या शाईनळीत मावते त्याच्या कितीतरी पट. ड्रॉपरने थेट बॅरलमध्ये शाई भरायची ही आपल्याकडची जुनी पद्धत. तिचा फायदा असा की दोन पेपरांच्या दिवशी मधेच शाई भरावी लागत नाही. तोटा भाचीने फोनवर विचारला होता तोच. शाई कमी झाली की टाकीत हवा वाढते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईचा थेंब निबमधून बाहेर ढकलते. इथे इबोनाइट मदतीला येतं, कारण त्यातून उष्णता फार हळू जाते. शिवाय बॅरल बाहेरून १३.५ ची ठेवल्यामुळे टाकीची भिंत सव्वादोन मिलिमीटरची झाली आहे. मजबुतीसाठी दिलेला माल असा इथेही कामाला आला. तरी एक नियम तिला सांगितलाच. टाकी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ द्यायची नाही, परीक्षेच्या सकाळी भरूनच निघायचं. सांध्यात बारीक ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट.

पॉलिश कुठे करायचं यावर आमचं थोडं वाजलं. तिला सगळं पेन आरशासारखं हवं होतं.

"मामा, चमकत असलं की कसं भारी दिसतं."

"मागे हवं तेवढं चमकव. बोटांच्या जागी नाही. एप्रिलमध्ये घाम आला की तूच मला फोन करशील."

बॅरल आणि टोपण बारीक कागदांवरून बफपर्यंत नेलं. सेक्शन मात्र पाण्यातल्या बाराशेवर थांबवलं. त्यावर उभ्या रेषा किंवा नर्लिंग, म्हणजे जाळीदार खरखरीत नक्षी, काढायला सांगणारे लोक भेटतात. धातूच्या दांड्याला ते ठीक आहे. पण त्याने बोटाला दाब देऊन धरायची सवयच लागते, आणि आपल्याला तर दाब सोडवायचा आहे. मंद, किंचित खरखरीत इबोनाइट पुरेसं आहे.

निब फाइन घेतलं. परीक्षेची वही कुठल्या कागदाची असेल सांगता येत नाही, आणि जाड निबची शाई हलक्या कागदावर फुटते. भिंगाखाली निबच्या दोन पाती समपातळीत आणल्या, शाईचा ओघ जरा वाढवला. हे महत्त्वाचं होतं. निब कोरडं चाललं की लिहिणारा नकळत दाबायला लागतो, मग ११.२ ची कमर काय आणि गोल खांदे काय, सगळं वाया.

टोपण काढून निबच्या टोकापासून शेपटीपर्यंत पेन १३२ मिमी भरलं. शाईसकट वजन सतराएक ग्रॅम. टोपण मागे लावायची सोय मुद्दाम ठेवली नाही. ते मागे लावलं की तोल अंगठ्याच्या बेचक्याच्या मागे जातो आणि निब खाली टेकवायलाच बोटांना जोर लावावा लागतो.

द्यायच्या आधी पेन शाईने भरून, निब खाली करून रात्रभर टिश्यूवर उभं ठेवलं. मग टोपण लावून डबीत घालून दुचाकीच्या डिकीत टाकलं आणि आमच्या पेठेतल्या खड्ड्यांमधून फिरवलं. टोपणात एक ठिपकाही नव्हता.

भाचीने ते सराव परीक्षांना वापरायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात म्हणाली, हात दुखायचा थांबला नाही, पण उशिरा दुखतो. मला हे उत्तर आवडलं. सवय बोटांत मुरलेली असते, पेन बदललं म्हणून ती लगेच जात नाही. नंतर सांगितलं की तिसऱ्या तासालाही तिचं नख आता पांढरं पडत नाही. ते ती स्वतःच बघायला शिकली होती. घट्टा अजून आहे, मऊ झालाय. एक तक्रार होती. टोपण घट्ट आवळून ठेवलं की सकाळी उघडताना पकड मिळत नाही. आटे पुरेसे लांब आहेत, त्यामुळे नुसतं टेकेपर्यंत फिरवलं तरी ते सुटत नाही, हे तिला दाखवलं. शिवाय टोपणाच्या मधल्या भागाची झळाळी थोडी उतरवून तोही सेक्शनसारखा मंद करून दिला.

आता तिच्या खोलीतली मैत्रीण मागे लागली आहे. ती डावखुरी आहे, म्हणजे पेन ओढण्याऐवजी ढकलून लिहिते. तिच्या निबचं टोक वेगळं घासावं लागेल, शाईही लवकर वाळणारी लागेल. बोटं तर बहुधा १८ च्या बरीच मागे जात असतील, आणि तसं असेल तर एम-१३ ची पायरी तिला चालणार नाही. तिला मी पुढच्या रविवारी चिकटपट्टी आणि शिक्क्याचा पॅड घेऊन बसायला बोलावलं आहे.